जिनिव्हात डिप्लोमसी शिकायला जायचंय? अर्जापासून परमिटपर्यंत काय काय करायचं

मी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात मास्टर्स केलंय, त्यामुळे ओळखीपाळखीतून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतच असतो. ताई, डिप्लोमसी शिकायचीय, तिकडे कसं जायचं, खर्च किती, नंतर जॉब लागतो का. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आधीच सांगते, मी पाहिलेली बहुतेक मुलं ॲडमिशनमध्ये अडकली नाहीत, ती अडकली ॲडमिशनचं पत्र आल्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या महिन्यांत, कारण व्हिसा, पैसे आणि घर हे तिन्ही तेव्हा एकदम अंगावर येतं. म्हणून या तिघांवर जास्त लिहिलंय, बाकीचं भराभर.

१. आधी नक्की काय व्हायचंय ते ठरवा

परदेशातून डिप्लोमसीची डिग्री आणली म्हणून भारताचे राजदूत होता येत नाही. हे मला दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा पडतो. भारतीय परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची, खुल्या गटाला वयाची मर्यादा ३२, निवड झाली की दिल्लीतल्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत ट्रेनिंग. त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यासाठी लाखो रुपये खर्चून स्वित्झर्लंड गाठायची काहीच गरज नाही.

मग जिनिव्हा कशासाठी? संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, व्यापार धोरण, मदतकार्य, मानवी हक्क, कंपन्यांची सरकारी धोरणांशी संबंधित कामं, कमॉडिटी ट्रेडिंग म्हणजे तेल, धान्य, धातू अशा मालाचा घाऊक व्यापार, यासाठी. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), डब्ल्यूएचओ (आरोग्य संघटना), रेड क्रॉस, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) सगळे एका छोट्या शहरात आहेत. डिप्लोमसी आणि बिझनेस तिथे फार वेगळे राहत नाहीत. उदाहरण सांगते, डब्ल्यूटीओ तळ्याकाठच्या ज्या इमारतीत आहे तिचं नाव सेंटर विल्यम रापार, आणि याच रापार साहेबांनी पॉल मांटू यांच्यासोबत १९२७ साली आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारं इथलं ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट काढलं. पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान साठच्या दशकात तिथेच शिकले.

डिप्लोमसी, विकास, आंतरराष्ट्रीय कायदा यात रस असेल तर ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट बघा. व्यापाराची बाजू हवी असेल तर जिनिव्हा विद्यापीठाचं कमॉडिटी ट्रेडिंगचं मास्टर्सही बघा, पण त्यात शिकता शिकता ट्रेडिंग क्षेत्रातल्या कंपनीत काम करायचं असतं आणि ती जागा मिळवणं हाच खरा डोंगर आहे. दोन्हीच्या फीमध्येही खूप फरक आहे. विद्यापीठाची फी वर्षानुवर्षं सेमिस्टरला ५०० फ्रँक आहे, इन्स्टिट्यूटची त्याच्या कितीतरी पट.

२. संस्था खरी आहे का ते बघा

सगळ्यात मोठा ट्रॅप हाच. जिनिव्हा, इंटरनॅशनल, डिप्लोमसी, बिझनेस, स्कूल, हे शब्द कुठल्याही क्रमाने लावा, त्या नावाची एखादी खासगी संस्था सापडेल. काही व्यवस्थित आहेत, काही एखाद्या ऑफिसच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चालतात. वेबसाइटवर झेंडे, सूटबूट, तळ्याचा फोटो सगळ्यांकडेच असतो.

स्वित्झर्लंडमध्ये २०१५ पासून लागू असलेल्या उच्च शिक्षणाच्या कायद्यात संस्थेच्या अधिकृत मान्यतेची पद्धत आहे आणि स्विसयुनिव्हर्सिटीज या संघटनेच्या साइटवर मान्य संस्थांची यादी मिळते. त्यात नाव शोधा. नसेल तर संस्थेला सरळ ईमेल करून विचारा की तुमची डिग्री कोण मान्य करतं, आणि उत्तरात नुसतं "आम्ही अमुक असोसिएशनचे मेंबर आहोत" असं आलं तर तिथेच थांबा, मेंबरशिप म्हणजे मान्यता नाही. पुढे भारतात पीएचडी किंवा प्राध्यापकी करायचा विचार असेल तर परदेशी पदवीच्या समकक्षतेचे यूजीसीचे २०२५ चे नियम पण आत्ताच वाचून घ्या.

कन्सल्टंटबद्दल एवढंच सांगते की ज्याला एखाद्या कॉलेजकडून कमिशन मिळतं तो तेच कॉलेज सुचवणार. मला पुण्यातल्या एकाने इन्स्टिट्यूटचं नावच सांगितलं नाही, एका खासगी शाळेचं ब्रोशर हातात दिलं आणि म्हणाला मॅडम सीट कन्फर्म. ज्या ठिकाणी सीट अर्जाआधीच कन्फर्म होते तिथे जाऊ नका.

३. तारखा उलट्या मोजा

वर्ग सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात. व्हिसाला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. म्हणजे मेमध्ये, फार तर जूनच्या सुरुवातीला फाइल गेलीच पाहिजे. त्याआधी पैशाचे कागद तयार हवेत, त्याला बँका महिना-दीड महिना खातात, म्हणजे एप्रिल. प्रवेशाचे अर्ज जानेवारीच्या आसपास बंद होतात. इंग्रजीची परीक्षा नोव्हेंबरपर्यंत उरकलेली बरी, आणि प्राध्यापकांना रेफरन्ससाठी दिवाळीच्या आधी गाठायचं, कारण दिवाळीनंतर ते पेपर तपासणीत बुडतात. थोडक्यात, जायच्या आदल्या वर्षी गणपतीत सुरुवात करा.

आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच करायचा असतो. "आधी ॲडमिशन होऊ दे, मग स्कॉलरशिपचं बघू" असं म्हणत बसलात तर संधी गेली.

४. कागदपत्रं गोळा करा

प्रवेशासाठी साधारण एवढं लागतं:

- पासपोर्ट
- पदवीचं प्रमाणपत्र आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट्स
- विद्यापीठाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट
- आयईएल्टीएस किंवा टोफेलचा स्कोअर
- सीव्ही, दोन पानांच्या वर नको
- मोटिव्हेशन लेटर
- रेफरन्स देणाऱ्यांचे ईमेल, शक्यतो कॉलेज किंवा ऑफिसच्या डोमेनचे

आपली बीए-बीकॉमची तीन वर्षांची पदवी तुमच्या कोर्सला चालते का हे फी भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता आपल्या मराठी माणसांचा खास प्रॉब्लेम, नाव. विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि वेगळ्या ओळीत आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव अधिक वडिलांचं नाव एकत्र. बारावीच्या सर्टिफिकेटवर एखादं स्पेलिंग तिसरंच. लग्न झालं असेल तर विचारूच नका. तिकडच्या क्लार्कला हे सगळं तीन वेगळी माणसं वाटू शकतात. यावर उपाय म्हणजे अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव अगदी जागेसकट लिहायचं, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं इंग्रजी ॲफिडेव्हिट करून स्कॅन ठेवायचं. आडनावाचा रकाना पासपोर्टवर रिकामा असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, त्यात वेळ जातो.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लागणारा सरकारी शिक्का, कुणी मागितलं तरच करा. एजंट लोक दहावीच्या मार्कशीटपासून सगळ्यावर अपोस्टिल करायला लावतात आणि प्रत्येक कागदाचे वेगळे पैसे घेतात. जन्माचा दाखला मात्र इंग्रजीत काढून सोबत न्या, गावी ग्रामपंचायतीत नोंद असेल तर सुट्टीत जाऊन आधीच काढून घ्या.

५. रेफरन्स आणि मोटिव्हेशन लेटर

आपल्याकडे सर म्हणतात, तूच लिहून आण मी सही करतो. आता ऑनलाइन फॉर्मची लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते, त्यामुळे सरांना आधी फोन करून सांगा की मेल येईल, स्पॅममध्ये बघा. सरांना तुमच्या प्रोजेक्टची दोन-चार ठोस वाक्यं लिहून द्या, त्यात काही गैर नाही.

मोटिव्हेशन लेटरमध्ये "लहानपणापासून मला जगाची सेवा करायची होती" नको. दुष्काळी तालुक्यात पाणी समितीचं काम केलं असेल, सांगलीच्या बेदाण्याच्या निर्यातीचे कागद हाताळले असतील, एखाद्या एनजीओत डेटा भरला असेल तर ते लिहा. निर्यातीच्या कंटेनरला नाकारल्यावर काय होतं हे ज्याने बघितलंय त्याचं व्यापार धोरणावरचं पत्र लगेच वेगळं दिसतं.

६. पैशाची सोय

फ्रँक सध्या शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा तिकडचा प्रत्येक आकडा डोक्यात शंभरने गुणायची सवय लावून घ्या आणि वर थोडं ठेवा.

मुंबईतल्या काही जुन्या संस्था आहेत. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून लोन स्कॉलरशिप (परत फेडायची मदत) देते, नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतं, इनलॅक्सची स्कॉलरशिप आहे. प्रत्येकाची मुदत आणि अटी वेगळ्या, साइटवर बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिथे एक मेख आहे. त्या योजनेत संस्था जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागते, आणि फक्त एकाच क्षेत्रातले विषय शिकवणाऱ्या लहान संस्था अशा एकूण क्रमवारीत बऱ्याचदा नसतातच, कितीही नावाजलेल्या असल्या तरी. त्या वर्षीची जाहिरात आणि क्रमवारी दोन्ही उघडून संस्थेचं नाव स्वतः शोधा, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

बँकेचं कर्ज काढणार असाल तर हे लक्षात ठेवा की साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि इंजिनिअरिंग-एमबीए सोडून दुसरा विषय म्हटला की मॅनेजर चष्म्यावरून बघतो. डिप्लोमसी म्हणजे नक्की काय नोकरी, हे त्याला एका पानात लिहून न्या, मागच्या बॅचचे लोक कुठे लागले ते संस्थेच्या साइटवरून छापून जोडा. घराचं तारण देणार असाल तर टायटल सर्च, व्हॅल्युएशन यात आठवडे जातात.

फी स्वतःच्या खिशातून पाठवली तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापतात, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवली तर नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. कुणाच्या पॅनवरून पैसे जाताहेत ते आधी घरात ठरवा. दर बजेटमध्ये बदलतो म्हणून इथे लिहीत नाही.

७. व्हिसा, इथे घाई करा

लागतो तो नॅशनल डी व्हिसा, म्हणजे जास्त दिवस राहण्यासाठीचा. शेंगेन टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडे बदलून घेऊ, हे चालत नाही, निर्णय भारतात बसूनच येऊ द्यायचा. तुमची फाइल दूतावासातून थेट जिनिव्हा कॅन्टनच्या (कॅन्टन म्हणजे तिकडचं राज्य) लोकसंख्या आणि स्थलांतर कार्यालयात जाते, त्याला सगळे ओसीपीएम म्हणतात. खरा निर्णय तिथे होतो, म्हणून इथल्या काउंटरवर रोज फोन करून काही उपयोग नसतो.

चेकलिस्ट दूतावासाच्या साइटवरून त्याच आठवड्यात डाउनलोड करा, मित्राकडची मागच्या वर्षीची वापरू नका. त्यात प्रवेशपत्र, सीव्ही, पैशाचा पुरावा, डिग्र्या, आणि दोन कागद असे असतात ज्यांच्याकडे मुलं दुर्लक्ष करतात. पहिला म्हणजे शिक्षण संपल्यावर स्वित्झर्लंड सोडेन असं लेखी सहीचं पत्र. ते बघून घाबरू नका, सगळ्यांनाच द्यावं लागतं. दुसरा म्हणजे व्हिसासाठीचं वेगळं मोटिव्हेशन लेटर. कॉलेजला दिलेलंच पत्र चिकटवू नका. कॉलेजला तुमची बुद्धी बघायची असते, कॅन्टनला हे बघायचं असतं की हा कोर्स तुमच्या आधीच्या शिक्षणात बसतो का आणि नंतर तुम्ही काय करणार. तिशी ओलांडली असेल तर हे पत्र अजून नीट लिहा, कारण तीसच्या वरच्या आणि आधीच एक डिग्री असलेल्या लोकांना विद्यार्थी परमिट देताना ते हात आखडता घेतात. नोकरीतून या कोर्सची गरज कशी पडली हे तारखांसकट मांडा.

पैशाच्या पुराव्याबद्दल. बाबांची जमीन, सातबारा, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, हे सगळं जोडायला हरकत नाही पण त्यावर विसंबू नका. त्यांना काढता येणारे पैसे हवेत, म्हणजे बचत खातं, एफडी, कर्जाचं मंजुरीपत्र, स्कॉलरशिपचं पत्र. व्हिसाच्या आधी काकांनी अचानक खात्यात मोठी रक्कम टाकली तर ती कुठून आली याचा कागद लागतो, प्लॉट विकला असेल तर खरेदीखताची इंग्रजी प्रत ठेवा. आणि मंजुरी येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, काढलंच तर रिफंड होणारं.

८. घर

जिनिव्हात घर मिळणं हे ॲडमिशनपेक्षा कठीण आहे, अतिशयोक्ती नाही. प्रवेश स्वीकारल्या दिवशीच संस्थेच्या रेसिडेन्सचा फॉर्म भरा. ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटची स्वतःची वसतिगृहं आहेत, त्यातलं ग्राँ मोरियों हे जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी डिझाइन केलेलं, पण सगळ्यांना जागा मिळत नाही. त्याच वेळी सिते युनिव्हर्सितेर आणि इतर विद्यार्थी वसतिगृहांतही अर्ज टाकून ठेवा.

खासगी घर भाड्याने घ्यायचं तर रेजी म्हणजे तिकडच्या एजन्सीमार्फत. त्या पगाराच्या स्लिप, जामीनदार, आणि थकबाकी नसल्याचा सरकारी दाखला मागतात, जो नवख्याकडे नसतोच. म्हणून बहुतेक मुलं कुणाच्या तरी घरात खोली पोटभाड्याने घेतात. इथे फसवणूक भरपूर चालते. मालक म्हणतो मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअर करतो. फोटो सुंदर, भाडं संशय येईल इतकं कमी. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असतं आणि ते भाडेकरूच्या नावाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचं असतं, कुणाच्या वैयक्तिक खात्यात नाही. घर न बघता एक फ्रँक पाठवू नका, तिथल्या कुणा सीनियरला जाऊन बघायला सांगा.

अजून एक, "पलीकडे फ्रान्समध्ये स्वस्त आहे, तिथे राहतो" असं म्हणणारे भेटतील. युरोपियन पासपोर्टवाल्यांचं चालतं. तुमचं स्विस परमिट तुम्हाला फ्रान्समध्ये राहायचा हक्क देत नाही. भाजी आणायला फर्ने-व्होल्तेरला किंवा आनमासला जा, राहायला नको.

आणि लेटरबॉक्स. हे वाचून हसाल, पण तिकडे पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. परमिट, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याची कागदपत्रं सगळं पोस्टाने येतं, म्हणजे नाव नाही तर हे सगळं परत. पोटभाड्याने राहत असाल तर पहिल्याच दिवशी मालकाला विचारून कागदाच्या चिठ्ठीवर का होईना पासपोर्टवरचं नाव पेटीवर चिकटवा. इथे परत ते आडनाव-नाव प्रकरण येतं, पेटीवर आणि फॉर्मवर एकच क्रम ठेवा.

९. पोचल्यावर

पोचल्यापासून १४ दिवसांत ओसीपीएमकडे नोंदणी करायची, मग बायोमेट्रिकची तारीख येते आणि बी परमिट म्हणजे राहण्याचा परवाना मिळतो. तो एका वर्षाचा असतो, दर वर्षी नूतनीकरण, आणि तेव्हा परीक्षांचे निकाल बघतात.

आरोग्य विमा तीन महिन्यांत घ्यावाच लागतो आणि हप्ता पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे लांबवून काही वाचत नाही. भारतातून घेतलेली ट्रॅव्हल पॉलिसी यात धरत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त पॉलिसी मिळतात, पण त्या घेतल्या तर नेहमीच्या सक्तीच्या विम्यातून सूट मिळावी म्हणून कॅन्टनकडे वेगळा अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर कॅन्टन तुम्हाला आपणहून एखाद्या महागड्या कंपनीत टाकू शकतं. संस्थेच्या स्टुडंट ऑफिसला विचारा, त्यांना हे पाठ असतं.

बारीकसारीक गोष्टी: २५ वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना २०२५ पासून कॅन्टनमधली ट्राम-बस मोफत आहे, ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटला १५ नंबरची ट्राम जाते. स्विस सॉकेट बाकी युरोपपेक्षा वेगळं असतं, म्हणून "युरोप अडॅप्टर" घेऊन जाल तर तो बसेलच असं नाही, स्विसचाच घ्या. कुकर सपाट बुडाचा न्या. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त स्टेशन आणि एअरपोर्टवरची सुपरमार्केटं उघडी, तेव्हा शनिवारी रात्री पोचणार असाल तर बॅगेत पोहे-उपमा ठेवा. हिवाळ्यात बीझ नावाचा वारा तळ्यावरून येतो, थंडी त्याच्यामुळे जास्त वाटते, जॅकेट वारा अडवणारं हवं. आणि वर्ग इंग्रजीत असले तरी ओसीपीएम, डॉक्टर, घरमालक, सगळे फ्रेंच बोलतात, पुण्या-मुंबईच्या अलियांस फ्राँसेझमध्ये फ्रेंच ए२ (दुसरी पायरी) पर्यंत करून गेलात तर पहिला महिना खूप सोपा जातो.

१०. काम आणि इंटर्नशिप

आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना पहिले सहा महिने काम करता येत नाही, त्यानंतर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला १५ तास. त्यामुळे "तिकडे जाऊन पार्टटाइम करून भाडं काढू" हे पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये धरू नका.

यूएनच्या इंटर्नशिपबद्दल नीट समजून घ्या. सचिवालयाच्या इंटर्नशिपला पैसे मिळत नाहीत. २०१५ साली एका परदेशी इंटर्नने जिनिव्हात भाडं परवडत नाही म्हणून तळ्याजवळ तंबू ठोकला होता, जगभर बातमी झाली. नंतर त्याने कबूल केलं की विषय पुढे यावा म्हणून ते ठरवून केलं होतं, पण भाड्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आयएलओ, डब्ल्यूएचओ, डब्ल्यूटीओ मात्र इंटर्नला भत्ता देतात, अर्ज आधी तिकडे टाका.

डिग्री संपल्यावर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. खासगी कंपनीत लागायचं तर युरोपबाहेरच्यांसाठी परमिटचा ठरावीक कोटा असतो आणि कंपनीला सहसा दाखवावं लागतं की असा माणूस स्वित्झर्लंडमध्ये किंवा युरोपात मिळाला नाही, त्यामुळे छोट्या कंपन्या त्या भानगडीत पडत नाहीत. आंतरराष्ट्रीय संस्थेत लागलात तर गोष्ट वेगळी, तिथे स्विस परराष्ट्र खात्याचं लेजितिमेशन कार्ड, म्हणजे अशा संस्थांतल्या लोकांसाठीचं वेगळं ओळखपत्र, मिळतं आणि तो कोटा लागू होत नाही. पण २०२५ मध्ये देणगीदार देशांनी हात आखडल्यावर जिनिव्हातल्या संस्थांनी मोठ्या प्रमाणावर माणसं कमी केली, आणि अनुभव असलेले लोक आता त्याच जागांसाठी तुमच्यासोबत रांगेत आहेत. म्हणून कर्जाचा हप्ता ठरवताना जिनिव्हातला पगार धरू नका, दिल्ली किंवा मुंबईत याच विषयात जो पगार मिळेल तो धरा, थिंक टँक, निर्यात संघटना, कंपन्यांची पॉलिसी टीम वगैरे. त्या पगारात हप्ता बसत नसेल तर कर्ज कमी करा किंवा विद्यापीठाचा ५०० फ्रँकवाला पर्याय परत उघडून बघा.